हातातील चावडी

नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याला लागूनच लोणखेडा हे गाव आहे. उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग आणि दक्षिणेस तापीचे काळेभोर खोरे. मधल्या या पट्ट्यात ऊस, केळी, पपई आणि कापूस पिकतो. पूर्वी अशा गावांत बातमीला पाय फुटत ते चावडीवर, पारावर किंवा आठवड्याच्या बाजारात. सांगणारा समोर बसलेला असे. तो कोणाचा कोण, खरे किती बोलतो आणि पदरचे किती घालतो, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक असे. आता ती चावडी तळहातावर येऊन बसली आहे. पपईचा भाव असो की लग्नाचे आमंत्रण, मोबाइलवरून ते क्षणात शंभर घरी पोहोचते. घरात अहिराणी, गुजरी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या आजी-आजोबांना अक्षरे जुळवीत बसण्याचा कंटाळा येतो. ते आपला आवाजच पाठवून मोकळे होतात.

मुलांनो, हिमालयापलीकडे चीन देशातही नेमकी हीच सवय आहे. चिनी लिपीत हजारो चिन्हे आहेत; ती सारी कळफलकावर कशी मावणार? म्हणून बहुतेक लोक शब्दाचा उच्चार रोमन अक्षरांत लिहितात आणि समोर येणाऱ्या चिन्हांतून हवे ते निवडतात. तरुणांना हे सहज जमते. म्हाताऱ्यांना जमत नाही. तेव्हा तिकडचे आजोबाही नातवाला आवाजच धाडतात.

चीनमध्ये फेसबुक २००९ पासून बंद आहे आणि आपले नित्याचे व्हॉट्सॲपही तेथे चालत नाही. त्यांची साधने त्यांनी स्वतःच घडविली. १९९९ मध्ये 'क्यूक्यू' निघाले, २००९ मध्ये 'वेइबो' आणि २०११ च्या जानेवारीत 'वीचॅट'. या शेवटच्याचे चिनी नाव 'वेइशिन'. त्याचा अर्थ 'चिमुकले पत्र'. पण हे पत्र आता फार मोठे झाले आहे! त्यातून गप्पा होतात, भाजीवाल्याचे पैसे चुकते होतात आणि नववर्षाला वडीलधारी माणसे मुलांना लाल पाकिटातून जो खाऊचा पैसा देतात, तोही २०१४ पासून त्यातूनच जाऊ लागला. २०२१ साली चीनमध्ये इंटरनेट वापरणाऱ्यांची संख्या शंभर कोटींच्या वर गेली. एवढी मोठी चावडी जगात दुसरी नाही. २०१६ मध्ये तेथे 'डौयिन' हे छोट्या चित्रफितींचे साधन निघाले. त्याच कंपनीने परदेशांसाठी काढलेला त्याचा भाऊ म्हणजे टिकटॉक. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील कितीतरी शेतकऱ्यांनी आणि गृहिणींनी त्यावर आपली कला दाखविली. पुढे सीमेवरील संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी भारत सरकारने त्याच्यासह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली.

बातमी वेगाने धावू लागली की तिच्या मागोमाग अफवाही धावते. २०११ च्या मार्चमध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला आणि फुकुशिमा येथील अणुवीज केंद्राला अपघात झाला. चीनमध्ये कोणी तरी उठविले, की आयोडीनयुक्त मीठ खाल्ल्याने किरणोत्साराची बाधा होत नाही; शिवाय समुद्र दूषित झाल्याने पुढे चांगले मीठ मिळणारच नाही. झाले! एक-दोन दिवसांत दुकानेच्या दुकाने रिकामी झाली. वस्तुतः मिठातील आयोडीन इतके अल्प असते, की संरक्षण मिळण्याइतके मीठ कोणी खाऊच शकणार नाही; आणि चीनचे बहुतेक मीठ समुद्रातून नव्हे, तर देशाच्या आतल्या भागातून येते. शहानिशा झाल्यावर घरी पोती साठविलेली माणसे ती परत घ्या म्हणून दुकानदारांच्या विनवण्या करू लागली.

या गोष्टीला आपण हसू शकतो. दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही, आणि ती आपल्या शेजारची आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे निरोप मोबाइलवरून या हातातून त्या हातात जात होते. १ जुलै रोजी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या गावात आले. भिक्षा मागून पोट भरणारी, मंगळवेढ्याकडची ही माणसे. पण लोकांना ते टोळीवाले वाटले. कोणी त्यांचे नाव-गाव नीट विचारून घेतले नाही. जमावाने त्यांना मारहाण केली आणि पाचही जण मरण पावले. टोळी कोठेच नव्हती. निरोप ज्यांनी पुढे पाठविला, त्यांतील बहुतेकांना आपण मुलांचे रक्षणच करीत आहोत असे वाटले असेल. अफवेचे सारे बळ याच चांगुलपणात असते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने दुसऱ्याकडून आलेल्या निरोपावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल असे बंधन घातले. २०२० च्या एप्रिलपासून, फार हातांतून फिरून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो.

मग सरकारने अफवा पसरविणाऱ्या प्रत्येकाचे तोंडच का बंद करू नये? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ३० डिसेंबर २०१९ रोजी वूहान शहरातील ली वेनलियांग या नेत्रवैद्याने वीचॅटवरील आपल्या वैद्यक मित्रांना सावध केले, की एक घातक वाटणारा आजार आला आहे, जपा. हा निरोप बाहेर फुटला. ३ जानेवारी २०२० रोजी पोलिसांनी डॉक्टरांना बोलावून, आपण खोटे पसरविले, अशा लेखी ताकिदीवर त्यांची सही घेतली. तो आजार म्हणजेच करोना. डॉक्टर पुन्हा कामावर गेले, त्यांनाही तो जडला आणि ७ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. मार्चमध्ये वूहानच्या पोलिसांनी ताकीद मागे घेऊन त्यांच्या कुटुंबाची क्षमा मागितली.

१ फेब्रुवारी रोजी डॉक्टरांनी वेइबोवर आपला शेवटचा मजकूर लिहिला होता. त्यांच्या मृत्यूनंतर त्याखाली लाखो चिनी माणसांनी लिहिले. कोणी परीक्षेत पास झाल्याचे कळविले, कोणी आईच्या आजारपणाचे, तर कोणी नुसतेच लिहिले, की आज आमच्याकडे पाऊस पडला.