कोठार भरलें, पण ताटाचें काय?

देशाजवळ धान्य पुरेसें आहे कीं नाहीं, असें कोणीं विचारलें म्हणजे आपण बहुधा एकच आंकडा पाहतों : एकंदर किती टन पिकलें? तो आंकडा खोटा नसतो. परंतु त्यांत कोणतें धान्य किती, हें त्यावरून कळत नाहीं. आज त्याच गोष्टीचा थोडा विचार करूं.

१९५०-५१ सालीं भारतांत सुमारें ५ कोटि टन अन्नधान्य पिकलें. २०२३-२४ सालीं तें ३३ कोटि टनांवर गेलें. या काळांत लोकसंख्या जवळजवळ चौपट झाली, तर धान्य साडेसहापट. हें सहज घडलेलें नाहीं. १९६५-६६ च्या अवर्षणांत उत्पादन ८ कोटि ९० लाख टनांवरून ७ कोटि २० लाखांवर उतरलें, आणि १९६६ सालीं सुमारें १ कोटि टन धान्य, मुख्यतः अमेरिकेंतून, आणावें लागलें. त्याच वर्षीं मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचें १८ हजार टन बियाणें आलें. हा गहू भरपूर खत पचवी आणि ओंब्यांच्या भारानें आडवा पडत नसे. त्याला पाण्याची जोड मिळाली, आणि ठराविक भावानें खरेदीची हमी सरकारनें दिली.

परंतु ती हमी प्रत्यक्षांत बहुतांशीं गहू व तांदूळ यांच्याच वांट्याला आली. ज्या मालाचें गिऱ्हाईक निश्चित, तोच शेतकरी पेरणार; त्यांत त्याचा दोष नाहीं. १९७०-७१ सालीं ज्वारीखालीं सुमारें १ कोटि ७० लाख हेक्टर जमीन होती. आज तिच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास उरली आहे. १९५१ सालीं माणशीं रोज सुमारें ६० ग्रॅम डाळ उपलब्ध होती. शतक पालटतांना ती निम्म्यावर आली. पुढें उत्पादन वाढलें, तरी तूर आणि मसूर अजून परदेशांतून आणावी लागते. पंजाबांत भातासाठीं इतकें पाणी उपसलें गेलें कीं, भर उन्हाळ्यांत भात लावण्यास २००९ सालीं कायद्यानें बंदी करावी लागली.

आतां खाण्याकडे पाहूं. खेड्यांत १९९३-९४ सालीं माणशीं महिना १३.४ किलो तृणधान्य खाल्लें जाई. २०११-१२ सालीं ११.२ किलो. शारीरिक कष्ट कमी झाले, दूध, तेल, भाजी यांकडे खर्च वळला, हें एक कारण. मात्र ज्यांना हे पदार्थ परवडत नाहींत, त्यांचें काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांतील बहुतेकांना माणशीं महिना ५ किलो धान्य मिळतें, २०२३ पासून तें विनामूल्य आहे. त्यानें पोट भरतें, ही थोडी गोष्ट नव्हे. पण डाळ त्या हक्कांत नाहीं.

सोलापूरकडील कोरडवाहू रानांत रब्बी ज्वारी जमिनींतील ओलीवरहि येते. अशा धान्याला आणि डाळींना गव्हाइतकीच खरेदीची खात्री देणें, हें सरकारचें काम. महिन्याच्या वाणसामानाच्या यादींत त्यांना पुन्हां जागा देणें, हें आपलें.