ओट्याचा दगड आणि न दिसणारी धूळ

पावसाळा सरला, की वसई-विरारमधल्या इमारतींत दिवाळीपूर्वीची डागडुजी सुरू होते. नालासोपारा असो, विरार असो की नायगाव, मोठ्या गृहसंकुलात दुपारी एक आवाज हमखास ऐकू येतो. तो असतो ग्रॅनाइट कापणाऱ्या कटरचा. कुणाच्या तरी घरी स्वयंपाकघराचा ओटा बदलला जात असतो. तासाभरात जिन्याच्या कठड्यावर आणि खाली लावलेल्या स्कूटरच्या सीटवर पांढुरकी पूड बसते. शेजारी नाक मुरडत ती फडक्याने झटकतात. कारागीर तोंडावरचा रुमाल सोडून चहा घेतो आणि पुन्हा कामाला लागतो.

ओट्याचा रंग कोणता घ्यायचा, यावर घरात आठवडाभर चर्चा होते. दोन प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. हा दगड नेमका कशाचा बनला आहे आणि तो कुठे, कसा कापला जाणार आहे? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर ओट्याचे आयुष्य ठरते, तर दुसऱ्याच्या उत्तरावर कारागिराचे.

काळा ग्रॅनाइट ग्रॅनाइट असतोच असे नाही

वसईच्या मातीत दगडाची कमतरता कधीच नव्हती. तुंगारेश्वरचे डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून झालेल्या काळ्या बेसॉल्टचे आहेत. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकाच्या दर्शनी भागाच्या कोरीव कामासाठी वसईहून बेसॉल्ट नेला होता, असे सांगितले जाते. आज मात्र इथला बेसॉल्ट खडी होऊन काँक्रीटमध्ये जातो आणि ओट्यावर येतो तो बाहेरचा दगड. त्यात कडप्पा आंध्रातला, संगमरवर मुख्यतः राजस्थानातला आणि ग्रॅनाइट दक्षिणेकडून किंवा राजस्थानातून आलेला.

दुकानात या सगळ्यांना ‘दगड’ म्हटले जात असले, तरी त्यांचे रसायन वेगळे आहे. कडप्पा हा चुनखडक आणि संगमरवर हे चुनखडकाचेच रूपांतरित रूप. दोन्हींत मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट असतो आणि आम्लाशी त्याचे वैर असते. ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजे असतात. लिंबू किंवा चिंच त्यांचे सहसा काही बिघडवू शकत नाही.

बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकले जाणारे बरेचसे दगड भूशास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नसतातच. ते डोलेराइट किंवा गॅब्रो या जातीचे असतात. आंध्र प्रदेशातील प्रकाशम जिल्ह्यात चिमकुर्ती येथे निघणारा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हा याच कुळातला. या काळ्या दगडांत क्वार्ट्झ फारच कमी असते. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये, म्हणजे गुलाबी, लाल, करड्या किंवा पांढुरक्या दगडांत, ते साधारण २० ते ४० टक्के असते. हा फरक घरमालकाला डोळ्यांनी जाणवत नाही, पण कापणाऱ्याच्या फुप्फुसांना जाणवतो. क्वार्ट्झ म्हणजेच स्फटिकरूप सिलिका.

खरेदीआधी तीन चाचण्या

दुकानदाराकडून त्याच लादीचा एक छोटा तुकडा मागून घ्यावा आणि घरी तीन गोष्टी करून पाहाव्यात.

पहिली, लिंबाची. पॉलिश केलेल्या बाजूवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब पंधरा मिनिटे ठेवून पुसावेत. डाग निस्तेज, खरखरीत दिसला, तर दगडात कॅल्शियम कार्बोनेट आहे. ज्या घरात कोकम, चिंच, व्हिनेगर आणि ताक यांचा रोज वावर असतो, तिथे असा दगड मुख्य ओट्यावर घेऊ नये. खालच्या रॅकसाठी मात्र तो उत्तम चालतो.

दुसरी, पाण्याची. चमचाभर पाणी दहा मिनिटे ठेवावे. खालचा भाग गडद झाला, तर दगड पाणी शोषतो. पाणी शोषणारा दगड हळद आणि तेलही शोषतो.

तिसरी, रंगाची. कमी काळ्या दगडाला काही वेळा रंग किंवा तेल लावून काळेभोर केलेले असते. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढण्याचे द्रावण घेऊन घासावे. फडक्याला काळे लागले, तर तो रंग वर्ष-दोन वर्षांत सिंकजवळ फिकट पडणार हे समजावे.

पूर्ण लादी मात्र जागेवर जाऊनच पाहावी आणि मागच्या बाजूनेही पाहावी. पॉलिशखाली लपलेली चीर मागून दिसते. मागे जाळी चिकटवलेली असेल, तर दगड नाजूक आहे का, ते विचारावे. जाडी स्वतः मोजावी. कापून काढलेल्या सिंकच्या जागेचे पैसे लागणार का, कडेचे मोल्डिंग वेगळे मोजणार का, हेही आधीच कागदावर घ्यावे. बिलावरून होणारी बरीच भांडणे इथेच टळतात.

क्वार्ट्झ : देखणा, पण कापायला घातक

गेल्या काही वर्षांत नव्या सदनिकांमध्ये पांढऱ्या ‘क्वार्ट्झ’च्या ओट्याची हौस वाढली आहे. हा खाणीतून अखंड निघालेला दगड नव्हे. क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये घट्ट दाबून तो कारखान्यात बनवतात. डाग कमी पडतात, रंग एकसारखा मिळतो आणि सांधे दिसत नाहीत. परंतु नेहमीच्या प्रकारांत सिलिकेचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असते. म्हणजे तो कोरडा कापला, की उडणारी धूळ जवळजवळ निव्वळ सिलिकेचीच.

या धुळीचे परिणाम जगाने अलीकडेच पाहिले. २०१२ मध्ये इस्रायलमधील डॉक्टरांनी असे ओटे कापणाऱ्या २५ सिलिकोसिसग्रस्तांची नोंद प्रसिद्ध केली. २०२३ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून ५२ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांचे मध्यम वय होते अवघे ४५ आणि त्यांतील १० जण तोवर दगावले होते. बहुतेक सगळे रुग्ण पोटासाठी परदेशातून आलेले मजूर होते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या ओट्यांचे उत्पादन, विक्री आणि बसवणे यांवर बंदी घातली. अशी बंदी घालणारा तो पहिला देश. भारतात अशी बंदी नाही. उलट, क्वार्ट्झच्या लाद्या अमेरिकेला पाठवणाऱ्या मोठ्या देशांत भारताची गणना होते.

एक गैरसमज इथेच दूर व्हायला हवा. घरात बसवून झालेल्या क्वार्ट्झच्या ओट्यापासून घरच्यांना सिलिकोसिस होत नाही. त्यातली सिलिका रेझिनमध्ये बंदिस्त असते. ही बातमी वाचून कुणी घाबरून चांगला ओटा फोडायला काढला, तर उलट त्याच तोडफोडीत धूळ उडेल. धोका कापण्यात, घासण्यात आणि फोडण्यात आहे.

रुमालाने काय अडते?

दगड कापताना जी पूड दिसते, ती बरीचशी नाकात आणि घशातच अडकते. खरी घातक धूळ दिसत नाही. पाच मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही सूक्ष्म कण थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या भक्षक पेशी हे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी मरतात, आतली रसायने बाहेर पडतात, सूज येते आणि तिथे व्रणासारख्या गाठी तयार होतात. सुटलेला कण पुन्हा दुसरी पेशी गिळते आणि हेच चक्र चालू राहते. म्हणूनच काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो. झालेली हानी भरून काढणारे औषध आजही नाही.

तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. त्यासाठी किमान एन-९५ दर्जाचा, चेहऱ्याला नीट चिकटून बसणारा मास्क लागतो. अमेरिकेतील नियमानुसार आठ तासांच्या पाळीत एक घनमीटर हवेत सरासरी ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक सूक्ष्म सिलिका असू नये. बंद खोलीत कोरडा कटर चालवला, तर ही मर्यादा पाहता पाहता ओलांडली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच स्फटिकरूप सिलिकेच्या धुळीला मानवी कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. कोरडा खोकला, धाप आणि घटणारे वजन ही लक्षणे पाहून अनेकदा क्षयरोगाचे उपचार सुरू होतात. सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे दोन्ही आजार एकत्र असू शकतात. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये व्यवसायजन्य आजारांवरच्या ग्रंथात रुग्णाला ‘काम काय करता?’ असे विचारण्याचा सल्ला दिला होता. तो प्रश्न आजही तितकाच मोलाचा आहे. दगडकामगाराने तपासणीच्या वेळी आपले काम आणि ते किती वर्षे केले, हे स्वतःहून सांगावे. वेळोवेळी छातीचा एक्स-रे आणि श्वसनक्षमतेची चाचणी करून घ्यावी. सिलिकोसिस हा कायद्याने अधिसूचित व्यावसायिक आजार आहे. मुंबई परिसरात लादीकाम करणारे अनेक कारागीर राजस्थानातून येतात. त्या राज्याने २०१९ मध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले असून, प्रमाणित रुग्णाला आर्थिक साहाय्याची तरतूद त्यात आहे.

कटर घरात नको

इथे ग्राहकाच्या हातात बरेच काही असते. ओट्याचे आणि सिंकचे माप आधी पक्के करून कापणी, भोके आणि कडेची घिसाई पाण्याची सोय असलेल्या कारखान्यातच करून घ्यावी. पात्यावर सतत पाणी पडत राहिले, की बहुतांश धूळ उडण्याआधीच गाळात बसते. शेगडी आणि सिंक ऐनवेळी बदलण्याचा मोह टाळला, तर घरात कटर लावण्याची वेळ फारशी येत नाही.

थोडेफार कापावे लागलेच, तर ते मोकळ्या जागेत, पाणी मारत आणि मास्क लावूनच व्हावे. घरमालकाने मजुरीत दोन-चार मास्कचे पैसे धरले, तर एकूण खर्चात तो आकडा शोधावा लागेल इतका छोटा असतो. काम झाल्यावर झाडू मारू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. गाळ वाळण्याआधीच पिशवीत भरावा. वाळला की त्याची पुन्हा धूळ होते आणि सिंकमध्ये ओतला की पाइप तुंबतो. गृहनिर्माण संस्थांनी दुरुस्तीच्या परवानगीपत्रात ‘कोरडी कापणी नाही’ ही एक ओळ घातली, तर कारागिरांसोबत जिन्यात खेळणाऱ्या मुलांचेही भले होईल.

बसवताना आणि नंतर

१८ मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन एका चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरते. आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद ओटा म्हणजे सत्तरएक किलो. म्हणून खालचे आधार समपातळीत हवेत. सिंक आणि शेगडीच्या पुढे उरणारी अरुंद पट्टी ही सर्वांत कच्ची जागा. तिच्याखाली आधार असावा आणि भोकाचे कोपरे काटकोनी न ठेवता गोलसर असावेत. टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. ओट्याला सिंककडे किंचित उतार द्यावा. पुढच्या कडेखाली बारीक झिरी कापून घेतली, तर पाणी कपाटात न शिरता खाली ठिबकते.

उंची मात्र शेजारच्यांची पाहून ठरवू नये. जी व्यक्ती सर्वाधिक वेळ स्वयंपाक करते, तिने सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे. ओटा त्याखाली १० ते १५ सेंटिमीटर असला, की खांदे आणि कंबर दोन्ही सुखी राहतात.

रोजच्या निगेला सौम्य साबण, पाणी आणि कोरडे फडके पुरते. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे डाग नळाभोवती जमतात. ओटा रात्री कोरडा पुसून ठेवला, तर ते जमतच नाहीत. डाग काढायला टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड वापरू नये. पॉलिश तर जातेच, शिवाय ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. तेलाचा डाग मुरला असेल, तर खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप रात्रभर झाकून ठेवावा. क्वार्ट्झच्या ओट्यावर तापलेला तवा थेट ठेवू नये, कारण उष्णतेने रेझिन पिवळे पडते. सिंकभोवतीचा सिलिकॉनचा सांधा काळा पडला, तर तो बदलावा. पावसाळ्यात बुरशी तिथेच घर करते.

चांगला बसवलेला ओटा पंचवीस-तीस वर्षे सहज टिकतो. तो बसवणाऱ्याची फुप्फुसेही तितकी वर्षे टिकायला हवीत. त्यासाठी दर ठरवताना दुकानदाराला एक प्रश्न विचारायचा आहे: ‘कापणार कुठे आणि पाणी लावून कापणार ना?’