महामहम म्हणजे छोटा कुंभमेळा?

तमिळनाडूतल्या कुंभकोणमला बारा वर्षांनी महामहम भरतो. आपल्याकडे त्याची ओळख ‘दक्षिणेचा कुंभमेळा’ अशी करून देतात, आणि लगेच तुलना सुरू होते.

गैरसमज : गावाच्या नावात कुंभ, बारा वर्षांचा फेरा, म्हणजे ही प्रयागचीच लहान आवृत्ती.

वस्तुस्थिती : वरवरचं साम्य दिसलं की मन बाकीचं तपासत नाही, हे डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्येच मांडलं होतं. प्रयागला नद्यांचा संगम आणि कित्येक आठवडे चालणारा मेळा. कुंभकोणमला जेमतेम सहा एकरांचं तळं. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, काठावर 16 मंडप आणि तळ्याच्या पोटात 20 विहिरी. भाविक एकेका विहिरीचं बादलीभर पाणी अंगावर घेत पुढे सरकतात. मुख्य स्नान एकाच दिवशी, मघा नक्षत्रावर. पंचांग उघडलं तर महामहमचं जवळचं नातं आपल्या नाशिक-त्र्यंबकेश्वराशी निघतं : दोन्हीकडे गुरू सिंह राशीत असावा लागतो. नाशिकच्या पर्वण्या 2015 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झाल्या, आणि त्याच सिंहस्थात 22 फेब्रुवारी 2016 रोजी महामहम.

गैरसमज : महामहमच्या चेंगराचेंगरीत 1992 मध्ये सुमारे 50 माणसं गेली, नाशिकला 2003 मध्ये 39. म्हणजे नाशिक जास्त सुरक्षित.

वस्तुस्थिती : हे आकडे शेजारी मांडणंच चूक आहे. एकीकडे तळ्याचा काठ, दुसरीकडे नाशिकच्या रामकुंडाकडे जाणारी अरुंद वाट. शिवाय जे चटकन आठवतं तेच वारंवार घडतं असं वाटू लागतं. 18 फेब्रुवारी 1992 ला तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता महामहमला स्नानासाठी आल्या होत्या, म्हणून ती दुर्घटना देशभर लक्षात राहिली.

‘एकूण किती लाख आले’ हा आकडाही इथे उपयोगाचा नाही. महिनाभरात विखुरलेले लाख वेगळे, एका मुहूर्तावर लोटलेले वेगळे. धोका मोजायचा तो चौरस मीटरमागे. पाचाहून जास्त माणसं तेवढ्या जागेत दाटली की पुढचा-मागचा रेटा कुणाच्याच हाती राहत नाही. अशा गर्दीत बरेचदा माणसं तुडवली जाऊन नव्हे, तर छाती दबून, उभ्या उभ्या श्वास कोंडून मरतात.

नाशिकच्या पर्वण्या 2027 मध्ये आहेत, पुढचा महामहम 2028 मध्ये. जाणार असाल तर परतीची वाट वेगळी आहे का आणि किती रुंद आहे, एवढं निघण्याआधी नक्की विचारून घ्या.