पायली कुणाची, माप कुणाचं?

दिवाळीच्या तोंडावर आमच्या झाडीपट्टीत हलका धान कापून बांधीत पसरलेला असतो. गोंदियातल्या राईस मिलवर पोतं उतरलं की परखी खुपसून मूठभर धान काढतात, दाणा दाताखाली फोडून ओल जोखतात. पिढ्यान्‌पिढ्यांची ही पारख आहे. पण त्याच दाण्यातलं आर्सेनिक, कॅडमियम किंवा करप्यावर फवारलेल्या औषधाचा अंश दाताला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतलं यंत्र लागतं. मग यंत्राने दिलेला आकडा खरा कशावरून मानायचा?

पूर्वी धान पायलीने मोजत आणि पायली गावागणिक लहानमोठी असे. १९५८ पासून देशात दशमान वजनं आली. आज दुकानातलं वजन प्रमाणित वजनाशी ताडून त्यावर शिक्का मारतात. रसायनाच्या मोजणीतलं असं शिक्क्याचं वजन म्हणजे निर्देशक द्रव्य. बाटलीत तांदळाचं पीठ असतं आणि सोबतच्या प्रमाणपत्रावर त्यातल्या घटकाचं प्रमाण, त्यातल्या अनिश्चिततेसह, लिहिलेलं असतं. यंत्राने ते पीठ मोजून तोच आकडा दिला, तरच पुढच्या पोत्याच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा.

ही बाटली तयार करणं सोपं नाही. तांदूळ वाळवून दळायचा, चाळायचा, शेकडो बाटल्यांत भरायचा. मग मधूनच बाटल्या उचलून सगळ्यांत माल सारखा आहे ना, हे पाहायचं. काही बाटल्या उष्ण जागी ठेवून तो टिकतो का, तेही तपासायचं. शेवटी वेगवेगळ्या पद्धतींनी मोजून किंमत ठरवायची. कोंड्यातल्या तेलामुळे पॉलिश न केलेल्या तांदळाचं पीठ लवकर खवट होतं, म्हणून त्याला जास्त जपावं लागतं.

तांदळाबाबत हे विशेष गरजेचं आहे. पाणी साचलेल्या बांधीत मातीतलं आर्सेनिक सुटं होतं आणि धानाची मुळं ते सिलिकॉनच्या वाटेने आत ओढतात. पॉलिश केलेल्या तांदळातल्या असेंद्रिय आर्सेनिकसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने २०१४ मध्ये किलोमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली. म्हणजे क्विंटलभर तांदळात २० मिलिग्रॅम, चिमटीतल्या मिठाहूनही कमी. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या १५६८बी या तांदूळपिठात एकूण आर्सेनिक किलोमागे ०.२८५ मिलिग्रॅम आहे, त्यातलं असेंद्रिय फक्त ०.०९२. ज्या प्रयोगशाळेला ही दोन वेगळी काढता येत नाहीत, ती चांगला माल नापास करील. तो फटका शेतकऱ्याला बसेल.

जपानने ही गरज फार दुःखातून ओळखली. जिन्झू नदीच्या खोऱ्यात कॅडमियममुळे हाडं ठिसूळ करणारा इताई-इताई आजार पसरला. पुढे जपानच्याच राष्ट्रीय पर्यावरण संस्थेने तांदळाचं दहाव्या क्रमांकाचं निर्देशक द्रव्य केलं, तेही कॅडमियमच्या तीन पातळ्यांवर: किलोमागे ०.०२३, ०.३२ आणि १.८२ मिलिग्रॅम. स्वच्छ दाणा आणि दूषित दाणा, दोन्ही नेमके मोजता यावेत म्हणून.

महाराष्ट्रानेही किंमत मोजली आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली. ते रसायन तेव्हाच्या तपासणी यादीत नव्हतं. जे मोजायची तयारी नसते, ते सापडत नाही.

बारदान्याचंही तसंच. ताग विणण्याआधी मऊ करायला खनिज तेल वापरतात आणि त्याचा अंश धान्यात उतरू शकतो. प्लास्टिकच्या वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांवर आपल्या २०१८ च्या नियमांनी किलोमागे ६० मिलिग्रॅमची एकूण मर्यादा घातली. ती तपासायलाही खात्रीचं माप हवंच.

दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने देशी मापं तयार करते. त्यांत आमच्या उसन्या तांदळाचीही बाटली असावी, असं मला मनापासून वाटतं. उसना करताना धान भिजवून वाफवतात, तेव्हा दाण्यातल्या स्टार्चची घडणच बदलते. परदेशी पिठावर पारखलेली रीत या दाण्यावरही चालते का, हे याच दाण्यावर तपासायला हवं.

वजनावरचा शिक्का पाहायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. तसाच, माल नापास झालेल्या धान उत्पादकालाही विचारता आलं पाहिजे: कोणत्या मापाने मोजलं?