रशियातला वरण-भात

रशियन जेवण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लग्नाच्या बुफेतलं, मेयोनीजमध्ये बुडालेलं 'रशियन सॅलड'च ना? त्याला तिकडे 'ओलिव्हिए' म्हणतात आणि ३१ डिसेंबरच्या रात्री ते घरोघरी बनतं. पण बाकीच्या दिवशी काय? तुमसरची माझी बारावीतली मैत्रीण एमबीबीएससाठी रशियात गेली, तेव्हा व्हिडिओ कॉलवर हळूहळू कळत गेलं.

रोजचं जेवण अगदी साधं. 'श्ची' म्हणजे पत्ताकोबीचं सूप आणि 'काशा' म्हणजे शिजवलेलं धान्य. 'श्ची आणि काशा, हेच आमचं अन्न' अशी तिकडे म्हणच आहे. थोडक्यात, त्यांचा वरण-भात! काशासाठी सगळ्यात आवडतं धान्य 'ग्रेच्का', म्हणजे उपवासाला चालणारा आपला कुट्टू. एक वाटी ग्रेच्काला दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, वरून लोणी. झालं काम. हॉस्टेलवाल्यांनो, लक्षात ठेवा!

तिकडचा हिवाळा लांबलचक, म्हणून कोबी आणि काकड्या मिठात आंबवून ठेवतात, मशरूम वाळवतात. राईच्या पावाचं 'क्वास' हे आंबट पेय करतात. उन्हाळ्यात त्याच क्वासमध्ये काकडी-मुळा चिरून 'अक्रोश्का' हे थंड सूप होतं. सारण भरलेले 'पेल्मेनी' करायला अख्खं घर टेबलाभोवती बसतं. सायबेरियात तर ते थेट बाहेरच्या थंडीत गोठवायचे. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात गच्चीवर कुरड्या-पापड घालतात ना, तसंच. इकडे ऊन कामाला येतं, तिकडे बर्फ.

हॉस्टेलच्या किचनमध्ये एका रशियन मुलीनं मैत्रिणीला श्ची शिकवलं. मग म्हणाली, "आता तुझ्या घरचं काहीतरी कर." मैत्रीण गप्प! मॅगीशिवाय तिला काहीच येत नव्हतं. शेवटी बॅगेतली तूरडाळ काढली आणि आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे आठ, तुमसरात साडेदहा. पहिली फोडणी जळली, दुसरी जमली. "त्या दिवशी वरण खाताना रडूच आलं गं," ती म्हणाली.

मी हसले खरी, पण मनात म्हटलं, मला तरी कुठे येतं?

त्याच आठवड्यात आजीजवळ बसले. "आंबील कशी करतेस?" "पीठ भिजव, रात्रभर आंबू दे, सकाळी शिजव." "पीठ किती?" "अंदाजानं घ्यायचं." तो अंदाज कोणत्याही रीलमध्ये सापडत नाही, तो आजीच्या हातात आहे. मग तिनं मूठ भरली की मी ती वाटीत मोजली आणि वहीत लिहून ठेवली.

तुम्ही उद्या नागपूरला जाल, पुण्याला जाल किंवा मॉस्कोला. कोणीतरी विचारेलच, "तुमच्या घरी काय करतात?" मोबाईल काढून फोटो दाखवणार, की करून वाढणार? दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक तरी पदार्थ हातानं शिकून या.