अग्निरोधक दार : उघडे, लोटलेले आणि बंद

इंग्लंडमधील मोठ्या कचेऱ्यांत जिन्यापाशी किंवा लांब बोळात एक जड, आपोआप मिटणारे दार आढळते. त्यावरील निळ्या वर्तुळात ‘फायर डोअर कीप शट’ अशी आज्ञा असते. हातांत कागदांचे गठ्ठे असलेल्या कारकुनास किंवा चाकांच्या खुर्चीवरील मनुष्यास असे दार वारंवार ढकलणे जिकिरीचे होते. मग कोणीतरी त्याखाली लाकडी पाचर सारतो, आणि दाराचे नुसते भगदाड उरते.

आगीत मनुष्य पुष्कळदा ज्वाळेपेक्षा धुरानेच दगावतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी लागलेल्या आगीत 72 माणसे मृत्यू पावली. ती इमारत निवासी होती, कचेरीची नव्हे. परंतु अनेक घरांची दारे आपोआप न मिटल्यामुळे धूर बाहेर पसरला, हा चौकशीतील निष्कर्ष कचेरीसही लागू पडतो.

इंग्लंड व वेल्समधील 2005 चा अग्निसुरक्षा आदेश अशी साधने कार्यक्षम स्थितीत राखण्याचे दायित्व जबाबदार व्यक्तीवर टाकतो. म्हणून पाचर नको. तथापि दार उघडे ठेवताच येत नाही असे मात्र नव्हे. भिंतीवरील विद्युत्‌चुंबक दारास धरून ठेवतो; धोक्याची सूचना मिळताच, किंवा वीज गेली तरीही, त्याची पकड सुटते व दार मिटते. दुसरे एक साधन धोक्याच्या घंटेचा आवाज ‘ऐकून’ दाराखालचा खुंट वर घेते. अर्थात वाटेत खुर्ची ठेवली असेल तर दोन्ही व्यर्थ! म्हणूनच अशा दारावरील पाटी ‘कीप क्लिअर’, म्हणजे वाट मोकळी ठेवा, असे सांगते.

मराठी पाटी करताना खरी अडचण ‘बंद’ ह्या शब्दाची आहे. दुकान बंद, यंत्र बंद, रस्ता बंद: ह्या प्रयोगांत वापरच थांबल्याचा अर्थ आहे. ‘दार बंद ठेवा’ ह्याचा अर्थ कोणी कडी-कुलूप असा घेतला, तर सुटकेची वाटच खुंटेल. इंग्रजीत नुसत्या मिटलेल्या व कुलूपबंद दारांसाठी पाट्याच वेगळ्या आहेत. मराठीत हा भेद दाखविणारे ‘लोटणे’ हे क्रियापद घरोघर वापरात आहे; पाट्या लिहिणाऱ्यांस ते बहुधा फार घरगुती वाटत असावे. ‘अग्निद्वार’ हा समास तर आगीपासून रक्षण करणारे दार की आगीत पळण्याचे, हेही सांगत नाही. त्यापेक्षा ‘आग अडविणारे दार. लोटलेले ठेवा. कुलूप लावू नका.’ ही पाटी अधिक सुबोध होय.