वेगात सुरळीत, थांब्यावर अडखळत!

यवतमाळहून दारव्हामार्गे दिग्रसकडे येताना मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटरने विनातक्रार धावणारी मोटारसायकल गावात शिरताच रंग बदलते. बाजारातील गर्दीत वेग कमी करावा लागला, की इंजिन आचके देऊ लागते. क्लच दाबून गाडी थांबवावी, तर दोन-चारदा धडधडून बंदच पडते. मागे बसलेली पत्नी, मध्ये मूल, हँडलला अडकवलेली सामानाची पिशवी आणि पाठीमागून भोंगा वाजवीत येणारा कापसाचा ट्रक, अशा अवस्थेत भर रस्त्यावर किक मारीत राहणे ही नुसती गैरसोय नसते, तो जिवाशी खेळ असतो. पुसद, आर्णी, मानोरा या परिसरातील खेड्यापाड्यांतून तालुक्याच्या गावी येणाऱ्यांचा मोठा आधार दुचाकी हाच असल्याने ही तक्रार घेऊन गॅरेज गाठणाऱ्यांची संख्याही थोडी नाही.

त्यावर ठरलेला उपाय म्हणजे ‘रेस वाढवून घेणे’. कार्बोरेटरवरील स्क्रू एक-दोन फेरे फिरवला, की इंजिन अधिक वेगाने फिरू लागते आणि गाडी बंद पडणे थांबते. मालक समाधानाने घरी जातो. आठ-पंधरा दिवसांनी तक्रार पुन्हा डोके वर काढते आणि रेस आणखी वाढवली जाते. मूळ दोष जिथल्या तिथेच असतो. दरम्यान उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण पेट्रोल जाळते आणि उतारावर अॅक्सिलरेटर सोडल्यानंतर इंजिनाचा जो रोध मिळायला हवा, तोही कमी होतो. तापाचे कारण न शोधता नुसती गोळी देण्याचाच हा प्रकार.

वेगात ठीक चालणारे इंजिन मंद गतीतच का बिघडते, याचे उत्तर कार्बोरेटरच्या रचनेत आहे. बाहेरून एकच दिसणाऱ्या या भागात पेट्रोलच्या वाटा वेगवेगळ्या असतात. अॅक्सिलरेटर पुरेसा पिळला म्हणजे पेट्रोल मुख्य जेटमधून येते, त्याच्या आधीच्या टप्प्यात स्लाइडला जोडलेली निमुळती सुई त्याचे प्रमाण ठरवते. मात्र अॅक्सिलरेटर सोडलेला किंवा जेमतेम उघडलेला असताना मुख्य वाट जवळजवळ निकामी असते. तेव्हा इंजिनाचे पोट भरते ते पायलट जेट, म्हणजेच मेकॅनिकांच्या बोलीतील ‘स्लो जेट’. शंभर सीसीच्या गाडीत या जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. मुख्य जेटचे छिद्र व्यासाने सुमारे दुप्पट धरले, तरी त्याचे क्षेत्रफळ चौपट होते. जो कण मुख्य जेटमधून सहज निघून जातो, तोच स्लो जेटमध्ये बूच होऊन बसतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी उत्तम पळते याचा अर्थ मुख्य वाट स्वच्छ आहे इतकाच. दुसरी वाट तुंबलेली असू शकते.

शिवाय मंद गतीत इंजिनाची परिस्थितीच नाजूक असते. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांची आयडलिंगची गती मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास ठरवलेली असते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच इंधनाचा स्फोट होतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १२ स्फोट, आणि तेही एकाच सिलिंडरमध्ये. मोटारीप्रमाणे भार उचलायला शेजारी दुसरा सिलिंडर नसतो. त्यातला एखादा स्फोट हुकला, की धक्का थेट हाताला जाणवतो. आत येणारे मिश्रण थोडे आणि मागच्या फेरीतला जळका वायू मात्र सिलिंडरमध्ये बराच उरलेला, म्हणून पेट घेण्यासाठी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण किंचित जास्तच असावे लागते. पाच हजार फेऱ्यांना खपून जाणारी लहानशी चूक १४०० फेऱ्यांना लपत नाही.

तपासणीला हात घालण्यापूर्वी दोष इंजिनाचाच आहे ना, याची खात्री करावी. गाडी मध्यस्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये चालू ठेवावी. उभ्याने इंजिन संथ, एकसारखे चालत असेल आणि आचके केवळ गिअरमध्ये हळू जातानाच बसत असतील, तर सैल झालेली चेन किंवा झिजलेले स्प्रॉकेट पाहावे. ताशी पंधरा किलोमीटरला तिसरा वा चौथा गिअर ठेवण्याची सवय असलेल्यांची गाडीही असेच आचके देते. तिथे पान्याची गरज नसते.

दुसरी चाचणी चोकची. इंजिन पूर्ण तापल्यावर चोक अर्धा ओढून पाहावा. त्यामुळे अडखळणे थांबले, तर मिश्रणात हवा जास्त व पेट्रोल कमी पडत आहे, असे समजावे. म्हणजे एकतर स्लो जेट तुंबला आहे किंवा कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे. उलट चोक ओढताच इंजिन गुदमरून काळा धूर सोडू लागले, तर पेट्रोल आधीच जास्त होत आहे. मग एअर फिल्टर कोंदला आहे का, चोक पूर्ण बंद होतो का, फ्लोटची पातळी चढली आहे का, हे पाहणे ओघाने आले. सोयाबीनच्या मळणीचा हंगाम आणि उन्हाळ्यातील काळ्या मातीची धूळ यांमुळे या भागात फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी भरतो. फोमचा फिल्टर धुऊन, तेल लावून पुन्हा वापरता येतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, तो बदलायचाच असतो. अर्धा चोक ओढून महिनोन् महिने गाडी चालवणारेही पुष्कळ आहेत. जादा पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन निघतो आणि मग जेटच्या किरकोळ कामाचे बिल पिस्टन-रिंगांपर्यंत जाते.

चोरटी हवा शोधणे अवघड नाही, पण बहुधा तेच राहून जाते. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधील जोडात रबर वा ओ-रिंग असते. विदर्भातील बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात आणि इंजिनाच्या झळीत वर्षानुवर्षे भाजून ती कडक होते, तिला भेगा पडतात. अॅक्सिलरेटर बंद असताना नेमकी याच जागी निर्वात ओढ सर्वाधिक असते; त्यामुळे केसाएवढ्या भेगेतून आलेली हवाही मिश्रण बिघडवायला पुरते. इंजिन चालू ठेवून या जोडावर लहान फवाऱ्याने पाण्याचा हलका शिडकावा करावा. आवाजात फरक पडला, की जागा सापडली. हीच परीक्षा पेट्रोलचे थेंब टाकून करणारे कारागीर आहेत. तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर हा प्रयोग कोणालाही करू देऊ नये.

प्लग काढल्यावर इंजिनाची पुष्कळ हकिकत कळते. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढरे फटक असेल तर हवा जास्त. आणि तेलकट ओले असेल, तर तेल वर चढत असल्याने काम मोठे आहे. दोन टोकांमधील अंतर गाडीगणिक वेगळे, साधारण ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते. ते पुस्तिकेतून पाहून फिलर गेजने बसवावे. प्लगवर वारंवार काजळी धरत असेल, तर पेट्रोल कोठून भरले जाते याचाही विचार करावा. रॉकेल पेट्रोलपेक्षा उशिरा वाफ होते आणि नीट जळत नाही. मंद गतीत त्याचा उपद्रव आधी दिसतो. या भेसळीमागचे अर्थकारण किती भयंकर असू शकते, हे महाराष्ट्राने जानेवारी २०११मध्ये मनमाडजवळ पाहिले. तेलाची भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेथे जिवंत जाळण्यात आले होते. आता पंपावरच्या पेट्रोलपेक्षा खेड्यातील दुकानात बाटलीतून मिळणाऱ्या सुट्या पेट्रोलबाबत अधिक सावध राहावे. बाटलीतील पाणी आणि कचरा थेट टाकीत जातो.

जेट स्वच्छ करण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे; बिघडवण्याचे मिनिटाचे. पेट्रोलची तोटी बंद करून फ्लोटच्या वाटीखालील स्क्रू सैल करावा आणि त्यातले पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्यावे. तळाशी पाण्याचे मणी किंवा तांबूस गाळ दिसला, तर टाकी आतून गंजली आहे. टाकी साफ केल्याखेरीज जेट साफ करणे व्यर्थ. त्यानंतर वाटी उघडून स्लो जेट योग्य मापाच्या पेचकसाने काढावा, कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवावा आणि दाबाच्या हवेने फुंकावा. पंक्चरवाल्याकडील कॉम्प्रेसर यासाठी पुरेसा आहे. छिद्र उजेडासमोर धरले असता पूर्ण गोल दिसले पाहिजे. त्यात तार, टाचणी वा सुई घालू नये. जेट मऊ पितळेचा असतो. ओरखड्याने छिद्र किंचित जरी मोठे झाले, तरी त्या दिवसापासून अॅव्हरेज घटते आणि त्याचे कारण पुढे कोणालाच सापडत नाही.

जेट स्वच्छ, प्लग नवा, हवेची गळती नाही, तरीही इंजिन अडखळत असेल तर टॅपेट पाहावेत. येथे एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे. टॅपेटचा आवाज येत असेल तरच ते बिघडले, असे मानले जाते. वास्तविक टकटकणारा सैल टॅपेट निदान आपला दोष सांगतो; घट्ट झालेला टॅपेट मुका असतो. त्याच्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाबलेले मिश्रण निसटते. वेगात निसटायला वेळच मिळत नाही, म्हणून जोर शाबूत वाटतो. मंद गतीत तो वेळ मिळतो आणि दाब पडतो. व्हॉल्व्ह मिटत नसल्याने त्याची उष्णताही बैठकीत उतरत नाही व कालांतराने तो जळतो. ही फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच असते. ती इंजिन पूर्ण गार असताना, पिस्टन दाबाच्या स्ट्रोकच्या शेवटी वर आणून, फ्लायव्हीलवरील खूण जुळवून मोजायची असते. गाडी गॅरेजच्या दारात उभी राहताच गरम इंजिनावर टॅपेट ‘सेट’ करून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

एवढे सारे झाल्यावर शेवटी स्क्रूची पाळी येते, सुरुवातीला नव्हे. कार्बोरेटरवर दोन स्क्रू असतात. एक स्लाइड उचलून गती वाढवतो, दुसरा मिश्रण ठरवतो. मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो सहसा हवेचा असतो आणि आवळल्यावर पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो इंधनाचा, आणि आवळल्यावर पेट्रोल कमी होते. हा भेद न कळल्याने कितीतरी गाड्यांवर नेमकी उलटी दुरुस्ती होते. इंजिन दहा मिनिटे तापवून, स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून दीड ते दोन फेरे उघडावा. मग थोडाथोडा फिरवत इंजिन सर्वाधिक वेगाने व एकसारखे चालेल ती जागा शोधावी आणि गतीच्या स्क्रूने वेग पुन्हा १४००वर आणावा. पेट्रोल भरमसाट वाढवूनही इंजिन गप्प बसते, पण ही चलाखी पीयूसीच्या यंत्रापुढे टिकत नाही. पेट्रोल दुचाकीची धूरतपासणी आयडलिंगवरच होते आणि एप्रिल २०००नंतरच्या जुन्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेतीन टक्के आहे.

अलीकडे या तक्रारीला इथेनॉलचा नवा धागा जोडला गेला आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३मध्ये निवडक पंपांवर आले आणि २०२५पर्यंत देशभर पोहोचले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुना कार्बोरेटर मात्र पूर्वीच्याच हिशेबाने हवा देत राहतो. परिणामी मिश्रण हवेकडे झुकते आणि आधीच काठावर असलेली गाडी आयडलिंगला अडखळते. मिश्रणाचा स्क्रू पाव-अर्धा फेरा बदलून हे बहुधा सावरते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालाने अशा दुचाकींच्या इंधनक्षमतेत तीन ते चार टक्के घट होईल, असे म्हटले होते. इथेनॉल पाणीही शोषते. पावसाळ्यात उघड्यावर आठवडेच्या आठवडे उभ्या गाडीत पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, तर इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतो, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच निघते. अर्थात गॅरेजमध्ये प्रत्येक दुखण्याचे खापर इथेनॉलवर फोडण्याची जी पद्धत पडली आहे, तीही सोयीची आहे. तीन वर्षे न उघडलेल्या कार्बोरेटरमधील गाळ इथेनॉलने आणलेला नसतो.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर हद्दपार झाला. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत स्लो जेट नाही आणि फिरवायला मिश्रणाचा स्क्रूही नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने संगणक पेट्रोलचे प्रमाण स्वतः सांभाळतो. अशी गाडी अडखळत असेल तर थ्रॉटल बॉडीवर साचलेला मळ, प्लग, हवेची गळती आणि अशक्त झालेली बॅटरी यांच्याकडे पाहावे. टॅपेटचा नियम येथेही तोच. मीटरवरील इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर त्याचा संकेत वाचणारे उपकरण असलेल्या ठिकाणीच जावे.

दुरुस्ती झाली की नाही, हे गॅरेजच्या दारात ठरत नाही. पुसदच्या रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटर जाऊन, गाडी चांगली तापवून परत यावे आणि दिवा लावून पाच मिनिटे उभ्याने चालू ठेवावी. मग हँडल सावकाश डाव्या टोकापर्यंत, नंतर उजव्या टोकापर्यंत फिरवावे. त्यासरशी इंजिनाचा वेग चढला, तर अॅक्सिलरेटरची केबल ताणलेली आहे. तिला थोडी ढील देऊन रेस पुन्हा बसवावी.